बाजूची सीट

गोवा मुक्त झाल्यावर मायदेशी निघालेल्या पोर्तुगीज साहेबाची इटालियन गाडी भाईंनी बायकोच्या, नर्मदेच्या, हौसेखातर घेतली. टपाची घडी होणारी, दोनच सीटची. जगात अशा मोजक्याच. दोन होड्या जोडून ती खाडीपलीकडून आरोंद्याला आणली. गावचा रस्ता तेव्हा मंजूर झाला होता.

आता भाईंनी ती विकायला काढली. मुंबईचं गिऱ्हाईक बघायला आलं.

"बाजूची सीट कुठे?"

"नर्मदा आजारी पडली. रस्तो अजून खंय आसा? ती सीट बांबूंक बांधून चौघांनी तिका डॉक्टराकडे न्हेवक उचलल्यानी. अर्ध्या वाटेत गेली. मयताची वस्तू घराक परत हाडूची नसता, तिच्याबरोबरच जाळली."

गिऱ्हाईक घुटमळलं. "तुमच्याकडे गाडी चालली किती?"

 

"गाडी चलूकच नाय. सीट तितकी मैलभर गेली."