तोफेची खोली

मुखेडकडच्या एका गावात ती तोफ देवी होती. म्हातारी मल्लम्मा दर मंगळवारी तिला शेंदूर लावायची. "कुठं ओतली ते अक्षरं वाचून बघतो, मग परत आणतो," असं तिला सांगून संग्रहालयात काम करणाऱ्या सिद्धरामने तोफ तिकडे नेली.

सगळा शेंदूर खरवडला, पण अक्षर एकही निघालं नाही. तोफही परत गेली नाही. गाव ठाऊक असूनही मान खाली घालून त्याने पाटीवर लिहिलं: मूळ गाव अज्ञात.

"सायेब, आमची आई कवा येनार?" मल्लम्मा दर मंगळवारी फोनवर विचारायची. या मंगळवारी फोन आलाच नाही.

त्याच दुपारी त्याने मोजमापासाठी नळीत टेप सोडली. तोफ बाहेरून पाच फूट होती. टेप नऊ फूट आत गेली.

त्याने ती घाईघाईने ओढून घेतली. टोकाला ओला शेंदूर होता, आणि त्यात एका बारीक, सुरकुतलेल्या बोटाचा ठसा.