डोळ्याची खूण

शाळेच्या पोर्टलचा पासवर्ड आठवेना, म्हणून डायनाने गिरीज गावातल्या त्यांच्या घरामागच्या वाडीत केळींना पाणी सोडत असलेल्या नवऱ्याला फोन केला.

"माझ्या लॅपटॉपवर सेव्ह आहे गं. डोळ्याच्या खुणेवर क्लिक कर, दिसेल," जेन्सन म्हणाला.

सेव्ह केलेल्या पासवर्डांच्या यादीत पोर्टलच्या खालीच तिचा स्वतःचा ईमेल होता. तो तिने या लॅपटॉपवर कधीच उघडला नव्हता. खुणेवर क्लिक करताच तिचा पासवर्ड समोर आला. बारा वर्षं ज्याच्याशेजारी आपण निर्धास्त झोपलो, तो आपले मेल चोरून वाचत होता तर.

रागाने तिने फोनवरून पासवर्ड बदलला. यादीत लगेच नवा दिसला. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तिने तो पुन्हा बदलला. तोही दिसला.

मग तिने काहीच टाइप केलं नाही. पोटातच गेलेल्या बाळासाठी तिने एक नाव ठरवलं होतं, ते जेन्सनलाही कधी सांगितलं नव्हतं. ते तिने फक्त मनात आणलं आणि खुणेवर क्लिक केलं.

नाव तिथे होतं.

तेवढ्यात मागच्या वाडीतून, मुलाला जेवायला बोलवावं तशी, जेन्सनने त्याच नावाने हाक मारली.