निर्दोष लेन्स

स्टुडिओवाल्याने लेन्सच्या पुढच्या काचेवर तोंडाने वाफ सोडली आणि ती विरायच्या आत भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला. फोटो छान धुरकट आला. तारखासुद्धा ओळखू येईनात. त्याने आणखी काही काढले, त्यांतला सगळ्यात वाईट निवडला आणि समाधानाने मान हलवली. इतकं मन लावून त्याने गिऱ्हाइकाचा फोटो कधी काढला नव्हता.

लेन्स झूमची होती, वापरलेली. समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्याने ती इंटरनेटवर विकायला काढली होती. पार्सल सकाळीच आलं. म्हाताऱ्याने ती लोकरी मफलरमध्ये गुंडाळून तान्ह्या मुलासारखी पाठवली होती. काचेवर ओरखडा नाही, आत धुळीचा कण नाही. स्टुडिओवाल्याने ती खिडकीशी धरून उलटसुलट पाहिली आणि त्याला म्हाताऱ्याची कीव आली. इतकी चांगली वस्तू इतक्या स्वस्तात देणारा माणूस आणखी थोडा पिळायला हरकत नव्हती.

"लेन्स तर चांगली आहे," काउंटरवर पासपोर्टचे फोटो कापत बायको म्हणाली.

"ते तुला आणि मला माहीत. त्याला कुठे माहीत आहे?"

"त्याचीच होती ना ती?"

"अगं, तिकडची माणसं तक्रारीला घाबरतात. निम्मे पैसे निमूट परत देतात."

त्याने धुरकट फोटो जोडून निरोप धाडला. लेन्स खराब आहे, तुम्ही मला फसवलंत, निम्मे पैसे द्या, नाहीतर तुमच्या नावापुढे काय लिहायचं ते मी लिहीन.

दुपारी म्हाताऱ्याचा थेट व्हिडिओ कॉल आला. स्टुडिओवाल्याने चेहऱ्यावर फसवलं गेल्याचा भाव आणला. लोकांना भाव आणायला सांगून सांगून त्याला तेवढा सराव होता. म्हातारा पडद्याच्या फार जवळ बसला होता. तो सावकाश, सोपं इंग्रजी बोलत होता, तरी अधूनमधून थांबत होता.

"माफ करा. पाठवण्याआधी मी समोरच्या भिंतीचा फोटो काढून बघितला होता. मला एकेक वीट स्वच्छ दिसली."

"मग माझ्या फोटोत धुकं आलं कुठून?"

"तेच कळलं आज. वर्षभर मला डोळ्यांची शंका येत होती. मुलगी म्हणायची, बाबा, आता पुरे. मी ऐकत नव्हतो." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला नाही. "आयुष्यभर पक्ष्यांचे फोटो काढले. हललेला फोटो हललेलाच दिसायचा आणि तसं स्वतःला सांगता यायचं, म्हणून जमलं. आता मला स्वच्छ दिसतं ते स्वच्छ नसतं. आभारी आहे. दुसऱ्या कुणी हे तोंडावर सांगितलं नसतं."

त्याने निम्मे नाही, सगळे पैसे परत केले. लेन्सही ठेवून घ्या म्हणाला.

स्टुडिओवाला दोन दिवस खुशीत होता. येईल त्याला लेन्स दाखवत होता आणि किंमत विचारली की गूढ हसत होता. मग एका दुपारी त्याने सहज इंटरनेटवरचं म्हाताऱ्याचं विक्रीचं पान उघडलं. तिथे त्याचे दोन्ही कॅमेरे विकायला होते. कॅमेरा उभा करायचं तिकाटणं होतं. झाडीत लपून बसायचा तंबू होता.

"सगळं मातीमोल काढलंय," तो म्हणाला. "एक कॅमेरा घेऊन टाकावा."

बायकोने वाकून बघितलं. "दुर्बीणसुद्धा?" मग तिने कात्री खाली ठेवली. "तुम्ही त्या माणसाला आंधळं केलंत."

"मी काय केलं? नुसती वाफ होती ती. तेव्हाच उडाली."

"काचेवरची उडाली."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेना. ताट वाढायची आणि आत जायची. फोटो कापून ठेवायची, पण तो काही म्हणाला की गिऱ्हाइकाशी बोलायला लागायची. त्याने विनोद करून पाहिले, चिडून पाहिलं. त्याच लेन्समधून शाळेच्या समारंभाचे फोटो काढले, तर शेवटच्या रांगेतल्या पोरांच्या पापण्यासुद्धा मोजता येत होत्या. ते बघून त्याचं डोकं जास्तच फिरलं.

शेवटी तो फोन घेऊन तिच्या समोर बसला. "हे बघ, लिहितो." त्याने लिहिलं की लेन्स पुन्हा तपासली, ती ठीक आहे, माझी चूक झाली.

तिने वाचलं आणि सगळं खोडलं. "चूक नाही. खोटं."

मग त्याने दात खात खरं लिहिलं. लेन्स निर्दोष आहे. काचेवर मी स्वतः वाफ सोडली होती. पैशांसाठी खोटं बोललो. तुमचे डोळे चांगले आहेत, काही विकू नका, पैसे परत पाठवतो. शेवटी स्वतःला चोर असंही म्हणून घेतलं, कारण बायको खांद्यावरून बघत होती. निरोप गेला आणि त्याला इतकं हलकं वाटलं की आपण मुळातच सज्जन आहोत, अशी त्याची खात्री पटली. रात्रीच्या जेवणाला बायको शेजारी बसली.

सकाळी उत्तर आलं. म्हाताऱ्याच्या मुलीने लिहिलं होतं:

"बाबांनी सगळं विकून टाकलं. ते आता पडद्याकडे बघत नाहीत, म्हणून तुमचा निरोप मी वाचून दाखवला. पैसे पाठवू नका. ऐकून ते म्हणाले, काय देवमाणूस आहे. एका म्हाताऱ्याचं मन राखायला स्वतःला चोर म्हणवून घेतोय."