दुसऱ्या मजल्यावरचं हसू

"सापडलं तर जाऊ, नाहीतर सरळ घरी," असं त्याने निघतानाच बजावलं होतं, आणि आता शाळेतलं प्रत्येक कुलूप त्याच्याच बाजूने साक्ष देत होतं.

सुट्टीची संध्याकाळ होती. तळमजल्यावरचे वर्ग सगळे बंद. कडेवर ठकूला घेऊन ती एकेका दाराला कान लावत चालली होती. मागून तो, खिशात हात घालून, दुसऱ्याच कुणाचं तरी काम असल्यासारखा.

"नक्की हीच शाळा?"

"तुझ्याच ताईने सांगितलंय. मागचं फाटक, आतला जिना. दारू सोडणाऱ्यांची बैठक दर रविवारी असते, पण पाटी लावत नाहीत म्हणाली."

"पाटी लावायला काय झालं?"

"तू आला असतास पाटीखालून?"

जिना चढताना तो पुटपुटला, "दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, आणि आपण हे असे जिने चढायचे." एरवी ती हसली असती.

दुसऱ्या मजल्यावर दोन वर्गांत दिवे होते. पहिल्यातून हसण्याचा लोंढाच बाहेर आला. आत कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि बाकीचे पोट धरधरून हसत होते. तिने ते दार ढकललंसुद्धा नाही. दारूपायी घरादाराची धूळधाण झालेली माणसं अशी कशी हसतील? ती ठकूला सावरत पुढे गेली. दुसऱ्या वर्गात अगदी शांत होतं. ही शांतता तिच्या ओळखीची होती. त्यांच्या घरात जेवताना रोज हीच असायची. तिने हळूच दार लोटलं.

आत माणसं बुद्धिबळ खेळत होती. एकाने मान वर न करता ओठांवर बोट ठेवलं.

"झालं समाधान?" मागून तो म्हणाला. रागावला नव्हता, उलट मोकळा झाला होता, आणि तिला भीती त्याचीच वाटली. "शोधलं आपण. आता पुन्हा म्हणू नकोस, मी आलो नाही म्हणून."

तो जिन्याकडे वळला. दूध उतू जायला आलंय हे जसं पाठमोरं असतानाही कळतं, तसं तिला कळलं: हा आता हा जिना उतरला की पुन्हा चढणार नाही.

तेवढ्यात पहिल्या वर्गाचं दार उघडलं आणि पांढऱ्या केसांचे एक आजोबा पाण्याचा रिकामा जग घेऊन बाहेर आले. ठकूने त्यांना नीट न्याहाळलं आणि हुकूम सोडला, "आजोबा, हा करा!"

ठकूच्या आईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रोज संध्याकाळी तो दारात आला की ती पुढे होऊन म्हणायची, "हा कर." तो तिच्या तोंडासमोर श्वास सोडायचा. हल्ली तर न सांगताच सोडायचा, चपला काढाव्यात तितक्या सवयीने. ठकूची समजूत होती की बाहेरून आलेल्या प्रत्येकाने असंच करायचं असतं.

आजोबा पुढे वाकले आणि ठकूच्या नाकासमोर त्यांनी चांगलं लांबलचक "हाऽऽ" केलं.

"चहा," ठकूने निकाल दिला.

"अरे, ऐकलं का? पास झालो मी!" आजोबा दारातून आत ओरडले. आत पुन्हा हसू फुटलं. "आमची ही तर झोपेतसुद्धा हुंगायची," ते म्हणाले. तिच्याशी नव्हे, त्याच्याशी. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकला होता. आजोबांनी या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. जग तेवढा पुढे केला. "जरा धरता का? नळ फार घट्ट आहे, मला दोन्ही हात लावावे लागतात."

त्याने जग घेतला. नळही त्यानेच उघडला.

भरलेला जग दोन्ही हातांनी धरून तो परत आला. आजोबांनी त्याच्यासाठी दार उघडून धरलं. उंबऱ्यापाशी तो थांबला, सवयीने तिच्याकडे वाकला आणि त्याने श्वास सोडला.

पूर्वी तो इतका जवळ आला की तिचे डोळे आपोआप मिटायचे. आज तिने हुंगलं नाही. डोळे मिटले. उघडले तेव्हा दार लागलं होतं.

बाहेर लहान मुलांचं ठेंगणं बाक होतं. त्यावर ठकूला शेजारी बसवून ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. आतून कुणाचं तरी सावकाश बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. मग बराच वेळ काहीच नाही. ती दाराच्या कडीवर नजर लावून बसली. कडी हलली नाही.

आणि एकदम ते सगळे पुन्हा हसले.

ती उठली, दाराला कान लावून उभी राहिली. एके काळी त्याच्या हसण्यावरच तर ती भाळली होती. शेवटचं कधी ऐकलं, ते काही केल्या आठवेना.

ठकूने तिचा पदर ओढला. "आई, बाबा कुठेय?"

"थांब गं," डोळे मिटूनच ती म्हणाली, "शोधतेय."