नवसाबाईंचा खेकडा

नवसाबाईंचं नाव जगातल्या प्राण्यांच्या यादीत काही लागलं नाही. पण ते जाऊ द्या; ते कसं हुकलं, तेवढं ऐका.

कळवणजवळच्या ओढ्यात नवसाबाईंनी हाताने धरलेला जांभळा खेकडा कोणत्याच पुस्तकात नव्हता. नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या ललितने तो त्यांच्याच घरी बादलीत ठेवला आणि बजावलं, "मावशी, असा दुसरा मिळायचा नाही, नीट जपा. याला शास्त्रीय नाव तुमचंच देतो." बाईंनी ते दुपारपर्यंत गावभर केलं.

जेवण झकास झालं. ललितने दोनदा रस्सा मागितला, हात धुतले आणि सहज बादलीत डोकावला.

"मावशी, आपला खेकडा?"

"मग आत्ता काय चोखत होता? एवढा मोलाचा जिन्नस, पाहुण्याला सोडून कोणाला वाढू? आमच्या यांना नांगीसुद्धा दिली नाय." मग पदर सावरून त्या हळूच म्हणाल्या, "नाव कधी लागंल?"

ललितने पंधरा दिवस ओढा पालथा घालूनही दुसरा मिळाला नाही, आणि नव्या जातीला नाव द्यायचं तर मूळ नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो. अखेर त्याने संग्रहालयाला अर्ज लिहिला: "महोदय, सदर खेकडा अर्जदाराच्या पोटात जमा झाला असल्याने अर्जदारासच मूळ नमुना मानून काचेच्या बरणीत कायमस्वरूपी दाखल करून घ्यावे, व नाव नवसाबाईंचेच लावावे, ही नम्र विनंती."