अर्ध्या आचेवर

गुणगुण सुरू झाली तेव्हा जावई चहाचा दुसरा घोट घेत होता. टेबलावरच्या उघड्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज येत होता, कापसात अडकलेल्या भुंग्यासारखा. दुपारचं ऊन तांब्याच्या तारेवर पेंगत होतं. दाराशी लेकीची बॅग होती. बापानेच भरलेली.

"ट्रान्सफॉर्मर गेला वाटतं, बाबा," जावई म्हणाला.

"त्याला काय धाड भरलीय? आत ती केस वाळवतेय. ड्रायर अर्ध्या आचेवर असला की विजेची एकाच बाजूची लाट खातो."

बापाने डोळे मिटले. सारी हयात ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळण्यात गेलेली. तारेखालच्या लोखंडी कड्याच्या आतलं त्याला दिसायचं. व्होल्टेजची एक लाट येते, लोखंडात चुंबकत्व चढवते. उलटी लाट येते, ते उतरवते. झोपाळा नुसता. पुढे जेवढा, मागे तेवढाच.

"पण ड्रायरनं एक बाजू जरा जड झाली ना, की चढलेलं पुरतं उतरत नाही. थोडं उरतं. त्यावर आणखी थोडं. शेवटी लोखंड तुडुंब भरतं. मग कण्हतं. तापतं."

"जड म्हणजे किती?"

"अर्धा व्होल्टसुद्धा नाही."

जावई हसला. "एवढ्यानं?"

बापाचे डोळे उघडले. काल हाच शब्द त्याच्या तोंडून निघाला होता. याच टेबलाशी.

"सासरी कुणी मारत नाही, बाबा," लेक म्हणाली होती. "थोडंसंच बोलतात. पण रोज. आणि मी उलट बोलायचं नाही."

"एवढ्यानं कुणी घर सोडतं?" असं म्हणून हा शहाणा तिची बॅग भरायला बसला होता. लोखंडाचं कण्हणं भिंतीआडून ओळखणारा माणूस! पोटच्या पोरीपुढे ठार बहिरा.

गुणगुण थांबली. लेक आतल्या दारात आली. केस अर्धे ओले. नजर बॅगेवर.

"बघा, गेला आवाज आपोआप," जावई म्हणाला आणि कप ठेवून उठला.

बापाने बॅग उचलली. जावयाने अदबीने बाहेरचं दार उघडून धरलं.

बाप आतल्या खोलीकडे वळला.

"सावकाश वाळव केस," तो लेकीला म्हणाला. "तुला कुठं जायचंय?"