चोविसावी बाटली

"चप्पल काढ आणि आधी बस बघू," नीलाअक्का म्हणाली. अवधूतला नाही म्हणवलं नाही.

सकाळपासून तो बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत कन्नड-हिंदीची खिचडी करून बोलत होता. पाण्याची तपासणी म्हणजे काय, हे तेवीस घरांत तेवीस वेळा समजावलं होतं. तेवीस नळ स्वतःच्या हाताने सोडले, पाच-पाच मिनिटं पाणी वाहू दिलं, मग बाटली भरली. गल्लीच्या वरच्या अंगाला क्रोम चढवणारे छोटे कारखाने होते. त्यांचं सांडपाणी जमिनीत मुरतंय आणि बोअरला लागतंय, असा त्याच्या संस्थेला संशय होता. कावेरीचं पाणी इथवर आलेलं नव्हतं. लोक बोअरचंच पीत होते.

चोविसाव्या दारात अचानक मराठी कानावर पडलं आणि पुण्याचा हा शास्त्रज्ञ विरघळला. अक्का साठीच्या पुढची, घराण्याची तिसरी पिढी बेंगळुरात. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता, तो गेल्याला सहा वर्षं झाली. ओसरीत जुनी सायकल, तुळस, पाण्याचा एक रिकामा निळा कॅन, भिंतीवर नवऱ्याचा फोटो.

"अक्का, या बाटलीत पाणी हवं होतं. नळ आत आहे का?"

"आत सोवळं आहे माझं. तू गावभर हिंडून आलायस. आण ती इकडं."

बाटली घेऊन ती आत गेली. येताना दुसऱ्या हातात चहा होता.

"साखर स्वल्प जास्त पडली. चालेल?"

"धावेल."

चहा पिता पिता त्याने बाटलीवर चोवीसचा आकडा चिकटवला आणि बोअर किती खोल आहे ते विचारलं.

"नऊशे फूट. बाकीचे तीनशेवर थांबले. हे काही थांबेनात. सगळी गल्ली वेड्यात काढत होती यांना," अक्का फोटोकडे बघत म्हणाली.

आठवड्याने प्रयोगशाळेतल्या गुरुप्रसादने कागद पुढे ठेवला. तेवीस बाटल्यांत क्रोमियम, तेही नको त्या जातीचं आणि भरपूर. चोविसावी मात्र लख्ख.

"नऊशे फूट आहे ना ती. वरचं पाणी तिथवर पोचलंच नसणार," अवधूत म्हणाला.

"पुन्हा एकदा नमुना घ्यायचा का, सर?"

"पुढच्या फेरीत घेऊच. पण लोकांनी आज काय प्यायचं?"



खरं तर हा प्रश्न पवित्राचा होता. ती अक्काच्या समोरच्या घरात राहायची, कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायची. मागच्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं होतं. आता पुन्हा तिसरा महिना लागला होता. गल्लीतल्या सभेत ती सगळ्यांसमोर उठून उभी राहिली.

"सर, मागच्या वेळी मला कोणी सांगितलं नाही. या वेळी तुम्ही सांगा. मी कुठलं पाणी पिऊ?"

अवधूतने अक्काच्या दाराकडे बोट दाखवलं. नुसतं तोंडी नाही, संस्थेच्या कागदावर लिहूनही दिलं. दुसरी सोय होईपर्यंत गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी फक्त चोवीस नंबरच्या घरचं पाणी प्यावं.

"सरी, चालेल," अक्का म्हणाली. "न्या की. पाणी काय मी बांधून नेणार आहे?"

तिने बोअरचा पाइप ओट्यापर्यंत आणवला. सकाळ-संध्याकाळ घागरींची रांग लागू लागली. पवित्रा आली की अक्का तिला रांगेत पुढे घ्यायची. फोटोला हार घालताना रोज म्हणायची, "बघा, तुमची बोअर आज सगळ्यांना पुरतेय." इतका आनंद तिला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. अवधूतलाही झाला. आयुष्यभर धोक्याचे आकडेच लिहायचे, त्यात एकदा तरी कुणाला चांगलं पाणी दाखवता आलं होतं.

चार महिन्यांनी गुरुप्रसादचा फोन आला. पवित्राचं हेही मूल गेलं होतं. सातव्याच महिन्यात.

अवधूत तिला भेटायला गेला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती.

"सर, तुम्ही सांगितलं तेच पाणी प्याले. कारखान्यात जाताना बाटली घरून न्यायचे. कुणाकडे चहासुद्धा घेतला नाही."

डॉक्टर म्हणाले होते, कारणं हजार असतात. निदान पाणी तरी नव्हतं, असं तो मनाशी घोकत होता, आणि त्यातून वाटणाऱ्या सुटकेची त्याला लाजही वाटत होती. पिशवीत एक रिकामी बाटली होती. पुढची फेरी राहूनच गेली होती. आलोच आहोत तर अक्काचा नमुना घेऊन जावा, म्हणून तो रस्ता ओलांडून गेला. ओट्यावर पाच-सहा घागरी लागल्या होत्या. कडेवर पोर घेतलेली एक बाई पाइप धरून उभी होती.

अक्काचे डोळे सुजले होते.

"ये, बस. त्या पोरीच्या मागचे भोग काही संपत नाहीत बघ." तिने पदराने डोळे पुसले. मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. "पुन्हा रिकामी बाटली घेऊनच हिंडतोयस? आण इकडं, भरून देते."

"आत नको जाऊ, अक्का. या बाहेरच्या पाइपचंच घेतो."

"काहीतरीच काय. हेब्बाळला राहते ती माझी सून आली की बोअरचं पीत नाही, म्हणून विकतच्या पाण्याचा कॅन असतोच घरात. मागच्या वेळीही तुला त्यातलंच भरून दिलं होतं की. पाहुण्याला का कोणी बोअरचं पाणी देतं?"